मेगा ड्राइव्हचं टेट्रिस: मंगळवार बाजारातली कॅसेट घ्यावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सोलापूरच्या गड्डा यात्रेत मिळणाऱ्या साध्या ब्रिक गेममध्ये असलेलं, पडणारे ठोकळे रचायचं टेट्रिस सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्हवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावर (कन्सोलवर), का आलं नाही? आणि सोलापूरच्या मंगळवार बाजारात दिसलेली त्याची कॅसेट खरी असेल का?

सेगाने टेट्रिस बनवलं होतं. १९८८ मध्ये त्यांचं आर्केडचं (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावरचं) टेट्रिस जपानमध्ये तुफान चाललं. १९८९ मध्ये मेगा ड्राइव्हची कॅसेटही तयार झाली, पण विक्रीला येण्याआधीच रद्द झाली. गेम जमला नव्हता म्हणून रद्द केला, असं कुणी सांगितलं तर अजिबात मानू नका. घोळ हक्कांचा होता.

अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस लिहिलं. त्याचे परदेशातले हक्क विकायचं काम एलॉर्ग या सोव्हिएत सरकारी संस्थेकडे होतं. तिने सॉफ्टवेअरचे हक्क विकणारे मध्यस्थ रॉबर्ट स्टाइन यांना फक्त कॉम्प्युटरवरचे हक्क दिले. मिलच्या चाळीत एक खोली भाड्याने घ्यावी आणि अख्खा मजला पोटभाडेकरूंना देऊन टाकावा, तसं पुढे झालं. हक्क स्टाइनकडून मिररसॉफ्ट या गेम कंपनीकडे गेले, तिथून अटारी गेम्सकडे आणि शेवटी सेगाकडे. प्रत्येकाला वाटलं, आपला कागद पक्का आहे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये जपानमध्ये गेम विकणारे हेंक रॉजर्स मॉस्कोला गेले आणि त्यांनी एलॉर्गच्या निकोलाय बेलिकोव्हना कन्सोलची टेट्रिस कॅसेट दाखवली. हे हक्क आपण कुणालाच दिलेले नाहीत, हे बेलिकोव्हच्या लक्षात आलं. मग त्यांनी स्टाइनच्या करारात एक कलम घातलं: कॉम्प्युटर म्हणजे प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. माझ्या मते सगळा खेळ या एका कलमाने फिरवला. कन्सोल त्यात बसतच नव्हता. मार्चमध्ये कन्सोलचे हक्क सेगाची प्रतिस्पर्धी कंपनी निन्टेन्डोला मिळाले आणि सेगाची कॅसेट अडकली. अटारी गेम्सच्या टेंजेन या शाखेने मेमध्ये स्वतःची कॅसेट बाजारात आणली, पण जूनमध्ये अमेरिकन कोर्टाने ती थांबवली.

सेगाने पुढे १९९० मध्ये कॉलम्स नावाचं असंच कोडं आणलं. तेही फार सुंदर आहे, जरूर खेळा. मेगा ड्राइव्हवरचंच टेट्रिस हवं असेल तर २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनी या छोट्या यंत्रामध्ये एम२ कंपनीने नव्याने बनवलेलं आहे, अगदी अधिकृत.

आता बाजारातली कॅसेट. १९८९ च्या अस्सल प्रती जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत आणि नकली मात्र पुष्कळ फिरतात. विकणाऱ्याला स्क्रू काढून आतला बोर्ड दाखवायला सांगा. चिपच्या जागी नुसता काळा गोळा दिसला तर ती नक्कल समजा. खेळायला म्हणून स्वस्तात मिळाली तर खुशाल घ्या, दुर्मीळ वस्तू म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका.