कंट्रोलरने संगणक जागा करताना : सुरुवातीला एवढे पाहा

गेम खेळण्याच्या कंट्रोलरचे बटण दाबूनही झोपलेला (स्लीपमध्ये असलेला) संगणक जागा होत नसेल, तर कंट्रोलर बिघडला आहे असे समजून तो बदलण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा अडचण कंट्रोलरमध्ये नसून, संगणक झोपलेला असताना कंट्रोलरचा संदेश ऐकणाऱ्या यूएसबी रिसीव्हरला वीज मिळते की नाही, यात असते. संगणक झोपवल्यावर रिसीव्हरवरचा दिवा पाहा. तो पूर्ण विझत असेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) 'ईआरपी' नावाची वीजबचतीची सोय चालू आहे का, हे तपासा आणि असल्यास बंद करा.

त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या रिसीव्हरच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या भागात जाऊन, या उपकरणाला संगणक जागा करू देण्याच्या चौकटीत खूण करा. नवीन मंडळी ही खूण हमखास विसरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करणे) किंवा शटडाउन करून प्रयोग करणे.

ब्लूटूथने जोडलेल्या कंट्रोलरकडून मात्र सुरुवातीला फार अपेक्षा ठेवू नका, कारण अनेक संगणकांत झोपेच्या वेळी ब्लूटूथच बंद होते. कंट्रोलरसाठी बनवलेला स्वतंत्र रिसीव्हर मिळत असेल, तर माझ्या मते तोच घ्यावा. एका वेळी एकच बदल करून पाहा, म्हणजे नेमका कशाचा उपयोग झाला ते कळेल. बायोसमधील बाकीच्या सोयींना तूर्त हात लावू नका.