लाल अक्षरं का फिसकटतात?

जेपेगमध्ये सेव्ह केल्यावर लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात म्हणतोस? अरे, तुझ्या फाइलीत बिघाड नाही. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. कोडॅक या कॅमेरा कंपनीच्या ब्राइस बेयरला याच जोरावर १९७६ साली पेटंट मिळालं: कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवर निम्मे ठिपके हिरवे, लाल-निळे पाव-पाव. जेपेगची ४:२:० ही रंगाची माहिती कमी साठवायची पद्धत त्याच भरवशावर चालते. चार पिक्सेलांची उजळता वेगवेगळी राहते, रंग मात्र चौघांत मिळून एकच. देखाव्याच्या फोटोत हे कळतही नाही. पण काळ्यावर लाल अक्षरं टाकलीस की कडा फिसकटल्याच! म्हणून पत्रिका, बॅनर पीएनजीत ठेव, नाहीतर जेपेग सेव्ह करताना ४:४:४ निवड, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा राहतो. नुसता क्वालिटीचा आकडा वाढवून भागेलच असं नाही. काही सॉफ्टवेअरं तरीही रंग गाळतात. आणि तपासताना २०० टक्के झूम कर, मोबाइलवर भागवू नकोस.