खांबाजवळचा सूर आणि दुसरी बॉडी

प्रश्न : ताई, नमस्कार. लग्न, मुंज, वाढदिवस यांचे फोटो काढणं हा माझा धंदा, पण मन रमतं मैदानावर. शाळांच्या खो-खो आणि कबड्डीच्या स्पर्धा, पार्क मैदानावरचं क्रिकेट, कधी पंढरपूर-वेळापूरकडचे सामने असं जमेल तिथे जातो. कॅमेरा कॅननचा ८०डी. लेन्स दोन : लांबचं जवळ आणणारी ७०-२०० मिलिमीटर एफ २.८ आणि जवळचं रुंद दृश्यही घेणारी १८-१३५. सामना चालू असताना लेन्स बदलायला गेलो की नेमका क्षण हुकतो. पुण्यातले एक ओळखीचे फोटोग्राफर त्यांची वापरलेली ७डी मार्क २ मला ४५ हजारांना देतो म्हणताहेत. इथला दुकानदार म्हणतो, जुनी डीएसएलआर कशाला घेता, आणखी थोडे पैसे घाला आणि मिररलेस (आत आरसा नसलेला नवा प्रकार) घ्या, आर१० किंवा आर७. घरचे म्हणतात, एक कॅमेरा असताना दुसरा कशाला? दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घ्यावी का? घेतली तर कुठली? की ८०डी विकून एकच चांगली घ्यावी?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नमस्कार. घ्या. खो-खोसाठी घ्या आणि लग्नाच्या कामासाठी घ्या. क्रिकेटसाठी म्हणून घेणार असाल तर नको. रात्रीच्या कबड्डीचे फोटो सुधारतील या आशेने तर मुळीच नको.

खो-खोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव त्याच खेळात अडकलेला आहे. मैदान २७ मीटर लांब, दोन टोकांना दोन खांब. मी एका खांबाच्या मागे, रेषेपासून सुरक्षित अंतर सोडून, जमिनीवर बसते. सूर खालूनच बघावा. उभं राहून काढला की उडी मारलेली मुलगी मातीवर पालथी पडल्यासारखी दिसते. तिथून समोरचा खांब साधारण २५ मीटरवर येतो. तुमची लेन्स २०० वर असेल तर ८०डीच्या चौकटीत तिथली पावणेतीन मीटर रुंदी मावते. खांबाला धरून वळणारा आक्रमक, त्याच्या हातातून निसटणारा संरक्षक, सगळं नीट बसतं. तेवढ्यात खो मिळतो आणि दोन-तीन सेकंदांत खेळ तुमच्या पुढ्यात येतो. गडी आता चार मीटरवर आहे. तुम्ही झूम मागे ओढून ७० ला आणता. चार मीटरवर ७० मिलिमीटरला चौकटीत किती मावतं? जेमतेम सव्वा मीटर. सूर मारलेला मुलगा हात ताणून दोन मीटर लांब होतो. म्हणजे एकतर पाय कापले जाणार, नाहीतर हात, आणि ज्या बोटांनी गडी टिपला ती बोटंच फोटोत नसणार. यात तुमचं कसब कमी पडत नाही. त्या लेन्सने त्या अंतरावरून तो फोटो निघतच नाही. दुसरी बॉडी खांद्यावर असेल, तिला १८-१३५ लावून २४ च्या आसपास ठेवलेली असेल, तर त्याच चार मीटरवर पावणेचार मीटर रुंदी मिळते. पूर्ण सूर, खांब, आणि मागे श्वास रोखून बघणारी पोरंही.

तुमच्या मनात येईल की मग एकटी १८-१३५ लावून बसलो तर? भर दिवसा भागतं. पण १३५ ला ती एफ ५.६ होते, म्हणजे तिचं तोंड लहान होतं. मागे लावलेल्या मोटारसायकली आणि मंडपाची कनात खेळाडूइतकीच ठसठशीत उमटते, आणि संध्याकाळी पाचनंतर २.८ च्या मानाने दोन स्टॉप उजेड कमी पडतो, म्हणजे पावच उरतो. २.८ ची लेन्स घ्यायला तुम्ही एवढे पैसे घातलेत, ती बॅगेत ठेवून कशाला बसायचं?

लेन्स बदलण्याचा आणखी एक तोटा आहे, तो सोलापूरकरांना वेगळा सांगायला नको. आपल्या मैदानांवर फेब्रुवारीपासून धूळ उडायला लागते. त्या वाऱ्यात दिवसातून दहा वेळा बॉडीचं तोंड उघडलं की सेन्सरवर डाग पडणारच, आणि आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत ते दिसणार. दोन बॉडी असल्या की लेन्स घरी लावायच्या आणि घरीच काढायच्या.

आता पैसे देण्याआधी एक काम करा. मागच्या दोन-तीन स्पर्धांचे फोटो उघडा. चांगले बाजूला ठेवा आणि फसलेलेच बघा. प्रत्येकाजवळ थांबून तो का फसला ते लिहा. गडी जवळ आला म्हणून कापला गेला? शटर कमी होतं म्हणून गड्याचा हात हललेला आला? फोकस भलत्यावरच बसला? अंधारामुळे दाणे आले? की तुम्ही या खांबाला होतात आणि खेळ त्या खांबाला झाला? यातला फक्त पहिला दोष दुसऱ्या बॉडीने जातो. शटरचा दोष आज, फुकटात जातो : पळणाऱ्या माणसाला १/१००० सेकंद ठेवा, सूर असेल तर १/१२५०. फोकसचा दोष सरावाने जातो. फसलेल्यांत कापलेले फोटो थोडेच निघाले तर ४५ हजार बँकेत राहू द्या. पण तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तेच जास्त निघतील.

कबड्डीचा मामला उजेडाचा आहे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, खेळ कधीच फार लांब जात नाही, त्यामुळे ७०-२०० ने पुष्कळसं काम होतं. अडचण येते सायंकाळच्या दिव्यांखाली. १/१००० आणि एफ २.८ धरलं की आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० किंवा त्याच्याही वर जातो. तिथे ७डी मार्क २ तुमच्या ८०डीपेक्षा स्वच्छ फोटो देत नाही. ती २०१४ ची, तुमची २०१६ ची. सेन्सर तुमचाच नवा आहे. त्या दिव्यांखाली एकामागून एक काढलेल्या फोटोंत एक उजळ, पुढचा काळवंडलेला आणि पिवळट, असं होत असेल तर कॅमेऱ्यात बिघाड शोधू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि १/१००० चं शटर त्यातला एक तुकडाच पकडतं. ८०डीच्या मेनूत अँटी-फ्लिकरची सोय आहे, ती चालू करा. शटर दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून उघडतं. ७डी मार्क २ मध्येही ती आहे.

क्रिकेटचं थोडक्यात. पार्कच्या सीमारेषेवरून खेळपट्टी ६०-७० मीटर लांब. २०० ला तिथे सात-आठ मीटर रुंदी येते आणि फलंदाज चौकटीत बोटाएवढा दिसतो. त्याला दुसरी बॉडी काय करणार? कॅननचा १.४ पट एक्स्टेंडर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचं जोडभिंग) मिळाला तर बघा. तुमची लेन्स २८० एफ ४ होते आणि दिवसाच्या सामन्याला तेवढा उजेड पुरतो.

मग कुठली बॉडी? दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही. आर७ चा फोकस ७डी मार्क २ च्या कितीतरी पुढे आहे, अडॅप्टर लावून तुमच्या दोन्ही लेन्स तिच्यावर नीट चालतात, बॅटरीही तुमचीच बसते. पण ती तुम्ही ठरवलेल्या पैशांत येत नाही, आणि कर्ज काढून घ्यावी असं मी म्हणणार नाही. शिवाय माणूस ओळखणारा फोकस खो-खोत सुरुवातीला चकवतो. मधल्या पाटीत आठ जण बसलेले असतात आणि पळणारा त्यांच्यामधून जातो. फोकस पटकन एखाद्या बसलेल्याच्या डोक्यावर उडी मारतो. तो काबूत आणायला वेळ द्यावा लागतो. आर१० मात्र तुमच्यासाठी नको. बॅटरी वेगळी, कार्डाची जागा एकच, बॉडी हलकी. २०० ची जड लेन्स तिच्यावर लावून दिवस काढणं हाताला सुखाचं नाही.

७डी मार्क २ मला तुमच्यासाठी योग्य वाटते. सेकंदाला १० फोटो, तुमच्या ८०डीला ७. फोकसचे ६५ बिंदू, आणि ते हलवायला अंगठ्याखाली छोटी दांडी. कार्डाच्या दोन जागा, धुळीला दाद न देणारी मजबूत बांधणी. बॅटरी आणि चार्जर तेच, आणि बाहेरगावच्या स्पर्धेला गेल्यावर याची किंमत कळते. तोटाही आहे : ही बॉडी आता कंपनी बनवत नाही, त्यामुळे शटर गेलं तर सुटा भाग सहज मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून ४५ हजार मला थोडे जास्त वाटतात. मोकळेपणाने घासाघीस करा.

घ्यायला पुण्याला स्वतः जा. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. कुरिअरने मागवू नका. लॅपटॉप न्या आणि शटर किती वेळा पडलंय ते त्याला जोडून बघा. कॅननने या शटरचं आयुष्य २ लाख सांगितलं आहे. दीड लाखाच्या पुढे गेलेली असेल तर मी नको म्हणेन. मग कार्डाचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. मोठ्या सीएफ कार्डाच्या खाचेत बारीक पिनांच्या दोन रांगा दिसतात. त्या सगळ्या एका उंचीच्या, सरळ हव्यात. कुणी कधी कार्ड तिरकं दाबून घातलेलं असेल तर एखादी पिन वाकलेली असते, आणि ती ऐन सामन्यात दगा देते. पांढऱ्या भिंतीचा एफ १६ ला फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. शेवटी तुमची ७०-२०० लावून रस्त्यावर उभे राहा आणि समोरून येणाऱ्या रिक्षांवर सलग फोटो घ्या. नंबरप्लेट दहातल्या सात-आठ फोटोंत वाचता आली पाहिजे. विकणाऱ्याची याला हरकत असेल तर चहा पिऊन परत या. ओळखीचे असले तरी बॉडीच्या नंबरासकट लेखी पावती घ्या.

पैसे देण्याआधी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या मित्राची कॅननची कुठलीही बॉडी एका दिवसासाठी मागून आणा आणि सकाळपासून दोन्ही घेऊन बसा. ७डी, ८०डी आणि दोन लेन्स मिळून वजन साडेतीन किलोच्या पुढे जातं. गळ्यात दोन पट्टे अडकवले की दुपारपर्यंत मान जाते. दोन्ही खांद्यांवरून येणारा दुहेरी पट्टा घ्या किंवा बॅगा शिवणाऱ्याकडून जाड पट्टीचा करून घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात हातात नसलेली बॉडी पांढऱ्या सोलापुरी नॅपकिनखाली झाकून ठेवा. काळा कॅमेरा तापला की हात लावू देत नाही.

बॉडी आली की ७०-२०० नेहमी ७डीवर आणि १८-१३५ नेहमी ८०डीवर. अदलाबदल नको, म्हणजे विचार न करता हात योग्य बाजूला जातो. दोन्हींवर फोकस शटरच्या बटणाऐवजी मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्या. आणि दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. हे सगळ्यांना किरकोळ वाटतं, पण घड्याळात चार मिनिटांचा फरक असेल तर घरी फोटो लावताना गडी आधी बाद होतो आणि सूर नंतर येतो. कार्डं संगणकावर वेगवेगळ्या फोल्डरमध्ये उतरवा; दोन्ही कॅमेऱ्यांच्या फाइलींचे नंबर सारखे येऊ शकतात, आणि नावही सारखं असलं आणि एकीवर दुसरी बसली की आधीची गेली.

बाहेरगावी गेलात तर एवढं करा : मुलींचे सामने सोडून जेवायला उठू नका. ते अनेकदा भर दुपारी लावतात आणि तेव्हा मैदानाभोवती कॅमेरा दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे महाराष्ट्राचीच. आपल्या तालुक्यातल्या मैदानावरच्या मुलींचेही तिच्या फोटोंइतके चांगले फोटो असायला हवेत. तुमच्याकडे ७०-२०० आहे, तुम्ही ते काढू शकता.

घरच्यांना मैदानाचं सांगू नका, लग्नाचं सांगा. मंगलाष्टकं चालू असताना एकुलत्या एका कॅमेऱ्याचं शटर अडकलं तर अक्षता काही पुन्हा पडत नाहीत. पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे दुसरी बॉडी असलीच पाहिजे, खेळ असो वा नसो. ४५ हजार तिथूनच वसूल होतील. शाळांच्या स्पर्धांतून होतील असं धरून हिशेब मांडू नका.

म्हणूनच ८०डी विकायचा विचार सोडा. ती विकून एकच भारी बॉडी घेतलीत तर खांबाजवळचा सूर पुन्हा कापलाच जाईल, आणि वापरलेल्या ८०डीचे हाती येतील ते पैसे चांगल्या रुंद लेन्सलाही पुरणार नाहीत. पुढे पैसे जमले की आर७ घ्या आणि तेव्हा ७डी विका, ८०डी नव्हे. तिचा सेन्सर लग्नात अजून बरीच वर्षं काम देईल.