‘सिन्स’, ‘यस्टरडे’ आलं की इंग्रजीत कुठला काळ वापरायचा?

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ म्हटल्यावर टीम लीडने हटकलं, यात चुकलं काय, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात, नौपाड्यात, नोकरदारांना इंग्रजी शिकवते. ऐरोली-महापेहून येणाऱ्या बहुतेकांची गाडी याच वाक्यावर अडते.

सिन्सला सुरुवात लागते, फॉरला कालावधी: सिन्स २०२२, फॉर थ्री इयर्स. आणि तेव्हा सुरू झालेलं काम अजून चालू असेल तर ‘आय हॅव बीन वर्किंग’. आपलं ‘तीन वर्षांपासून काम करतोय’ वर्तमानकाळात भागतं, तिकडे भागत नाही.

व्याकरणाचे तक्ते पाठ करू नका. वेळेचा शब्द दिसला की एवढंच बघा, ती वेळ संपली का? यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, सगळं संपलेलं. तिथे साधा भूतकाळ. बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला ठाण्यात आली, म्हणून ‘द फर्स्ट ट्रेन केम इन १८५३’. पण ‘ट्रेन्स हॅव बीन कमिंग हिअर सिन्स १८५३’, कारण त्या अजून येतात (वेळेवर येतात असं कोण म्हणतंय!). धिस मॉर्निंग लबाड आहे. सकाळी अकराला ‘आय हॅवन्ट सीन हर धिस मॉर्निंग’, संध्याकाळी मात्र ‘डिडन्ट सी’.

मेलमध्ये हमखास सापडणारं वाक्य म्हणजे ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे’. मराठीत ‘काल पाठवलीय’ बिनदिक्कत चालतं ना, त्याचा हा परिणाम. यस्टरडे हवं असेल तर नुसतं ‘सेंट’ लिहा. ‘हॅव सेंट’ हवं असेल तर यस्टरडे खोडा.

‘हॅड’चा तर आपल्याकडे सुकाळ आहे. ‘काल वाशीला गेलो होतो’ याचं सरळ ‘आय हॅड गॉन टू वाशी यस्टरडे’ करतात. ऐकणारा वाट बघत बसतो, मग पुढे काय झालं? पुढे काही सांगायचंच नसेल तर ‘वेंट’ पुरे. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द पनवेल लोकल हॅड लेफ्ट’ यात दोन घटना आहेत, आधी लोकल सुटली, मग तुम्ही पोचलात. हॅड आधीच्या घटनेला.

‘पोचल्यावर’ अशा अर्थी ‘व्हेन आय विल रीच’ मात्र नको. ‘आय विल कॉल व्हेन आय रीच.’

क्लायंट अमेरिकन असेल आणि त्याने ‘डिड यू सेंड इट येट?’ विचारलं तर गोंधळू नका. येट, ऑलरेडी, जस्ट यांच्याबरोबर तिकडे साधा भूतकाळ सर्रास चालतो. यस्टरडेबरोबर ‘हॅव’ तेही लावत नाहीत.