डेटा कॅटलॉगमध्ये नवीन फीचर्स आली, सुरुवात कुठून करू?

या वेळी बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीवरचे आलेत, ऑफिसच्या डेटा कॅटलॉगला नवं अपडेट आलंय आणि त्यात इतकं काही आहे की आधी कशाला हात लावायचा तेच कळत नाही. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगते, कॅटलॉग म्हणजे कंपनीत कुठली टेबलं आहेत, त्यांत काय आहे, ती कुणाची आहेत आणि कोण वापरतं याची एका जागी ठेवलेली नोंद, आणि तिथेच एकमेकांशी बोलायची सोय.

प्रश्न: आता एआय प्रत्येक टेबलचं आणि कॉलमचं वर्णन आपोआप लिहून देतं. आमच्याकडे चार हजार टेबलं आहेत, मॅनेजर म्हणतात सगळ्यांवर एकदम चालवून टाका, हाताने कोण लिहीत बसणार. चालवू का?

चालवा, पण आलेला मजकूर "सुचवलेला" म्हणूनच ठेवा, सरळ पब्लिश करू नका. एआयला दिसतं काय, तर कॉलमचं नाव, त्याचा प्रकार, कधी थोडी नमुन्याची व्हॅल्यू, आजूबाजूच्या क्वेरी (डेटाला विचारलेले प्रश्न). त्या कॉलमचा इतिहास त्याला दिसत नाही.

मी एका ठिकाणी काम करत होते तिथे ग्राहकांच्या टेबलात 'क्रिएटेड ॲट' असा कॉलम होता. एआयने लिहिलं, ग्राहकाने नोंदणी केल्याची तारीख आणि वेळ. वाचायला अगदी बरोबर. पण काही वर्षांपूर्वी जुन्या सिस्टिममधून डेटा हलवला तेव्हा जुन्या सगळ्या ग्राहकांना हलवल्याच्या दिवसाचीच तारीख लागली होती, नोंदणीची खरी तारीख शेजारच्या 'लेगसी डीटी' कॉलममध्ये होती आणि त्याच्यापुढे वर्णनच नव्हतं, कारण त्या नावावरून एआयला काही अंदाजच आला नाही. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने वर्णन वाचून ग्राहक किती वर्षं टिकतात याचा रिपोर्ट केला आणि आलेखात अर्ध्याहून जास्त ग्राहक एकाच रात्री आलेले दिसले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. तिची काहीही चूक नव्हती. आधी ती जागा रिकामी असायची तेव्हा माणसं उठून कुणाला तरी विचारायची, ती भरलेली दिसायला लागली आणि विचारणं थांबलं. म्हणून मी इतकं जीव तोडून सांगतेय, चुकीचं वर्णन हे नसलेल्या वर्णनापेक्षा जास्त नुकसान करतं.

मग चार हजारांचं काय? सगळी टेबलं सारखी महत्त्वाची नसतातच. वेअरहाऊसच्या (कंपनीचा सगळा डेटा जिथे साठतो त्या जागेच्या) क्वेरी हिस्टरीतून गेल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त वापरलेली पन्नास टेबलं काढा, बहुतेक कॅटलॉग आता हा आकडा स्वतःच दाखवतात. लिफ्ट या अमेरिकेतल्या टॅक्सी-ॲप कंपनीने २०१९ मध्ये ओपन सोर्स केलेल्या अमुंडसेन नावाच्या कॅटलॉगमध्ये शोधाचा क्रम याच विचाराने लावलेला आहे, जे टेबल लोक जास्त वापरतात ते वर येतं. (नाव दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या रोआल्ड अमुंडसेनचं, मला ते फार आवडतं.) तर त्या पन्नास टेबलांच्या ओनरना एआयचा मसुदा पाठवा, त्यांनी वाचून दुरुस्त करून मान्य करायचं, आणि वर्णनाखाली मान्य करणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. कोऱ्या कागदावर लिहायला कुणी तयार होत नाही पण चुकीचं लिहिलेलं दिसलं की माणूस लगेच दुरुस्त करतो, एआयच्या मसुद्याचा खरा फायदा मला तरी इथेच दिसलाय.

प्रश्न: टेबल पातळीचं लिनिएज, म्हणजे डेटा कुठून आला आणि पुढे कुठे गेला याचा बाणांनी जोडलेला नकाशा, आमच्याकडे आधीपासून होतं, आता कॉलम पातळीचं आलंय. एवढा फरक पडतो का?

खूप पडतो. समजा तुम्हाला एक कॉलम काढून टाकायचाय, टेबल पातळीवर बघितलं तर साठ डॅशबोर्ड त्या टेबलला जोडलेले दिसतात, मग तुम्ही घाबरून तो कॉलम तसाच ठेवता आणि पुढची पाच वर्षं तो तिथेच पडून राहतो. कॉलम पातळीवर बघितलं की कळतं, त्या साठातले तीनच तो कॉलम वापरतात. तिघांना मेसेज केला, काम झालं.

फक्त ते तयार कसं होतं ते माहीत असू द्या. बहुतेक ठिकाणी एसक्यूएल (क्वेरी लिहायची भाषा) वाचून, म्हणजे ही क्वेरी कुठून काय उचलते आणि कुठे ठेवते ते पार्स करून, लिनिएज काढलं जातं. त्यामुळे जिथे पायथनची स्क्रिप्ट मध्ये येते, जिथे क्वेरी चालताना तयार होते, किंवा कुणीतरी दर सोमवारी एक्सेलमध्ये डाउनलोड करून पुढे पाठवतं, तिथे बाण तुटतो. ओपनलिनिएजसारखं स्टँडर्ड त्यासाठीच आहे, पाईपलाईन चालतानाच स्वतः सांगते की मी काय वाचलं आणि काय लिहिलं, पण ते तुम्हाला प्रत्येक ठिकाणी जोडावं लागतं. तेव्हा पुढे बाण दिसत नाही म्हणजे कुणी वापरत नाही असं समजून टेबल उडवू नका. आधी 'वापर बंद होणार' असा बॅज लावा, शेजारी तारीख आणि पर्यायी टेबलचं नाव लिहा, थोडे दिवस थांबा. तिमाहीला एकदाच चालणारा रिपोर्ट असेल तर महिनाभराचं थांबणंही कमी पडतं हं.

प्रश्न: कॅटलॉग आता चॅटला जोडता येतो. जोडला, पण नोटिफिकेशन इतकी येतात की सगळ्यांनी चॅनेल म्यूट केलंय.

मोठ्या चॅनेलवरून काढून टाका. बदलाची सूचना त्या टेबलच्या ओनरला आणि ज्यांनी ते फॉलो केलंय त्यांनाच जाऊ दे, आणि सूचना फक्त तीन गोष्टींची, स्कीमा (टेबलची रचना) बदलला, क्वालिटी चेक फेल झाला, कुणी प्रश्न विचारला. आणि चॅटमध्ये दिलेलं उत्तर टेबलच्या पानावर परत गेलं पाहिजे हे मात्र नक्की बघा, नाहीतर तोच प्रश्न तीन महिन्यांनी दुसरं कुणी विचारतं आणि उत्तर देणारा तोवर दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो.

प्रश्न: वैयक्तिक माहितीचे टॅग आता आपोआप लागतात, म्हणजे प्रायव्हसीचं काम झालं असं धरायचं का?

नाही, प्लीज असं धरू नका. ही तपासणी बरीचशी नावावरून आणि पॅटर्नवरून होते, त्यामुळे दहा आकडी ऑर्डर नंबरला फोन नंबरचा टॅग लागतो आणि 'रिमार्क्स' नावाच्या कॉलममध्ये कस्टमर केअरवाल्याने टाइप केलेलं "यांच्या आईच्या नंबरवर फोन करा" आणि पुढचा नंबर सुटून जातो. मोकळ्या मजकुराचे कॉलम स्वतः उघडून शंभर ओळी वाचा, दुसरा मार्ग नाही. शिवाय टॅग म्हणजे नुसती चिठ्ठी, ती मास्किंगच्या (डेटा झाकून दाखवायच्या) पॉलिसीला जोडली नसेल तर टॅग लागूनही डेटा सगळ्यांना उघडाच दिसतो. खात्री करायची सोपी युक्ती, कमी परवानग्या असलेल्या सहकाऱ्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या लॉगिनने तो कॉलम उघडायला सांगा.

प्रश्न: दोन वर्षांनी कॅटलॉग बदलायचा झाला तर हे सगळं वाया जाणार का?

टेबल आणि कॉलमची यादी नव्या कॅटलॉगला परत वाचता येते, ती चिंता नाही. डेटासेटची माहिती एका कॅटलॉगमधून दुसऱ्यात नेण्यासाठी वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं डीकॅट नावाचं स्टँडर्डही २०१४ पासून आहे, तिसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली. अडकतं ते माणसांनी लिहिलेलं, म्हणजे ग्लॉसरीतल्या व्याख्या, कोणी काय मान्य केलं, टेबलखालची प्रश्नोत्तरं. हे एपीआयमधून (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून डेटा घ्यायच्या वाटेने) बाहेर काढता येतं का ते विक्रेत्याला आत्ताच विचारा, आणि नुसतं "हो" ऐकून थांबू नका, एका टेबलचं सगळं, खालच्या कमेंट्ससकट, तुमच्यासमोर एक्सपोर्ट करून दाखवायला लावा.