गल्लीतली गिरणी आणि भाजणी

प्रश्न : थालीपिठाची भाजणी आमच्या गल्लीतल्या गिरणीतच दळायची आहे, पण पिठाच्या गुठळ्या होतात, कधी कच लागते. काय चुकतं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गिरणी सोडू नका, अशी माणसं जपायला हवीत. तुमच्या डब्यावरची चिठ्ठी न वाचताही गिरणीवाले काका पोळीचं बारीक आणि भाजणीचं सरसरीत दळण ओळखतात. पाकिटातल्या पिठात ही सोय नाही.

ज्वारी-बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ आणि हरभरा डाळ एकेक, उडीद डाळ अर्धी, धने अर्धी, जिरे दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजा. गुठळ्या होतात त्या बहुधा धान्य गरम असतानाच दळायला दिल्यामुळे. वाफ धरते, पीठ दगडाला चिकटतं. पूर्ण गार करूनच द्या. दळून आणल्यावरही परातीत पसरून निवू द्या, मगच झाकण लावा.

कच येते ती दगडांना नुकतीच टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीने ठोकून खरखरीत केलेली असल्यास. काकांना विचारा, ते खरं सांगतील. एक-दोन दिवस थांबा. मिरची-मसाल्यामागे तर नंबर लावूच नका.

बाजरीमुळे पीठ लवकर कडवट होतं, म्हणून महिन्याला पुरेल एवढंच दळा.