रिव्हर रेड या नदीवरून विमान उडवत गोळ्या झाडायच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्कोअरसाठी फ्युएलचे डबे उडवायचे की टाकी भरून घ्यायची?

भरून घ्यायची. उडवा म्हणणाऱ्यांना माझ्याकडे पाठवा. त्यात पहिला नंबर माझ्या आतेभावाचा, म्हणजे दादाचा.

मे महिन्यात सगळी भावंडं आत्याकडे मिरजेला जमायची. तिथे टीव्हीला जोडायचा एक काळा गेम होता, अटारी २६०० या जुन्या गेमिंग कन्सोलची नक्कल, गेम आतच भरलेले. दादा सगळ्यांत मोठा, म्हणून जॉयस्टिक आधी त्याच्या हातात. समोर डबा दिसला की हा ठो! "८० पॉइंट फुकट सोडू होय रे?" मग पुढे फ्युएलचा काटा रिकाम्या टोकाला टेकायचा, भोंगा केकाटायला लागायचा आणि समोर डब्याचा पत्ता नाही, नुसती हेलिकॉप्टरं. विमान पडलं की ठरलेलं वाक्य : "आज नदीच वाईट आली."

अरे, नदी दर वेळी तीच असते! कॅरोल शॉ यांनी १९८२ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीसाठी हा गेम केला तेव्हा कार्ट्रिजमध्ये जागा होती ४ केबी. एवढ्यात नदीचा नकाशा मावणार कुठे? म्हणून बाईंनी तो साठवलाच नाही. एका आकड्यावरून पुढचा आकडा काढत काठ, बेटं, बोटी जागच्या जागी तयार होतात. सुरुवातीचा आकडा ठरलेला, त्यामुळे नदीही ठरलेली. पाठ होते. डबे कुठे विरळ होतात ते मी वहीच्या मागच्या पानावर पुलांप्रमाणे लिहून ठेवायचो. दादाने त्याला चीटिंग ठरवलं.

(पश्चिम जर्मनीने १९८४ मध्ये हा गेम मुलांना घातक म्हणून यादीत टाकला होता. आत्याचंही मत साधारण तेच होतं.)

हिशोब सोपा आहे. बोटीचे ३०, हेलिकॉप्टरचे ६०, डब्याचे ८०, जेटचे १००, पुलाचे ५००. सहा डबे उडवले तरी एका पुलाची भरपाई होत नाही. शिवाय १०,००० ला एक विमान जास्तीचं मिळतं, पण तिथवर पोचायला टाकीत काहीतरी हवं ना! डब्यावरून जाताना वेग कमी ठेवा, जितका वेळ वर राहाल तितकं जास्त भरतं. आवाज चढला की टाकी फुल्ल.

आता फुल्ल असताना पुढचा डबा आला तर खुशाल उडवा, ८० सोडायला कोण सांगतंय? पण दादा काट्याकडे बघून उडवत नव्हता, हात शिवशिवतो म्हणून उडवायचा. आता बँकेत मॅनेजर आहे, आणि गेल्या दिवाळीतही चारचौघांत म्हणाला की नदी बदलते. हे उत्तर त्याला पाठवतोय.